निवारा केंद्रातला फळा आणि रेकीची पाच तत्त्वे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पातळीची छोटी चौकट छापून येऊ लागते आणि नदीकाठचे आम्ही सांगलीकर ती सकाळच्या चहाआधी वाचतो. 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. त्याआधीच्या महिन्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, बोटी तपासल्या जातात, लाइफ जॅकेटांची मोजदाद होते, निवारा केंद्रांसाठी शाळांच्या याद्या निघतात. ही सगळी तयारी हवीच. पाणी दारात आल्यावर मदतीला धावणाऱ्या माणसाने स्वतःचे डोके ठिकाणावर कसे ठेवावे आणि समोरच्याशी कसे बोलावे, हा विषय मात्र या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर मी कधी पाहिलेला नाही. मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, 2016 मध्ये निवृत्त झाले आणि 2019 च्या महापुरात येथील एका शाळेतल्या निवारा केंद्रावर नऊ दिवस स्वयंसेवक म्हणून काम केले. त्या नऊ दिवसांत मला सर्वांत जास्त उपयोग रेकी या जपानी उपचारपद्धतीच्या पाच तत्त्वांचा झाला. हे विधान वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, म्हणून प्रारंभीच माझी भूमिका सांगून टाकते.

रेकीची पहिली पदवी मी 1999 मध्ये, एका सहकारी परिचारिकेच्या आग्रहावरून घेतली. तळहातातून वाहणारी ऊर्जा रोग बरा करते, हा रेकीचा मूळ दावा मला आजही मान्य नाही. ती ऊर्जा कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही आणि तिने आजार बरा होतो याचा खात्रीलायक वैद्यकीय पुरावा नाही. कर्करोग किंवा मधुमेह बरा करून देण्याच्या जाहिराती करणे हा तर 1954 च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि असल्या जाहिराती करणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही पद्धतीचे असोत, कारवाई व्हावी असेच माझे मत आहे. महापुराच्या दिवसांत आमच्या जुन्या रेकी गटावर एक निरोप फिरत होता की रात्री ठीक नऊ वाजता सर्वांनी कोयना धरणाला दूरस्थ रेकी पाठवावी. मी त्या वेळी एका आजोबांच्या पायाची जखम धूत होते. धरणाला रेकीपेक्षा विसर्गाचे नियोजन अधिक मानवते, एवढे उत्तर पाठवून मी तो गट सोडला. तेव्हा या पत्राचा विषय हातातून वाहणारी ऊर्जा हा नाही. रेकीच्या संस्थापकाने सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणायला सांगितलेल्या पाच साध्या वाक्यांपुरतेच हे पत्र आहे.

त्या वाक्यांचा आणि आपत्तीचा संबंध मी ओढूनताणून जोडलेला नाही. जपानमधील गिफू प्रांतात 1865 मध्ये जन्मलेल्या मिकाओ उसुई यांनी क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि 1922 मध्ये तोक्योत आपली संस्था सुरू केली. त्यानंतर जेमतेम दीड वर्ष झाले असेल, तोच 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारी 11 वाजून 58 मिनिटांनी, तोक्यो ज्यात येते त्या कांतो प्रदेशात भूकंप झाला. घरोघरी दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांच्या त्या शहरात भूकंपाने जेवढी माणसे मारली त्याहून कितीतरी अधिक आगीने मारली. होन्जो भागातील लष्करी कापड डेपोच्या मोकळ्या मैदानावर आपापले सामान घेऊन आश्रयाला आलेली सुमारे 38 हजार माणसे आगीच्या वावटळीत सापडून तिथेच संपली. एकूण मृतांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. उसुई यांच्या शिष्यांनी 1927 मध्ये तोक्योतील साइहोजी मंदिराच्या आवारात त्यांची स्मृतिशिला उभारली. या भूकंपानंतर जखमींच्या कण्हण्याने शहर भरून गेले असताना उसुई रोज बाहेर पडून वस्त्यावस्त्यांत उपचार करीत हिंडत होते, अशी नोंद त्या शिळेवर आहे, आणि त्याच शिळेवर ती पाच तत्त्वेही कोरलेली आहेत. त्यांच्या स्पर्शाने किती जण बरे झाले हे मला सांगता येणार नाही आणि त्याची मला फारशी उत्सुकताही नाही. उद्ध्वस्त शहरात, रोज, न चुकता, पायी जाऊन जखमी माणसाशेजारी बसणारा एक अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि परिचारिकेच्या नजरेला तेवढे पुरेसे वाटते.

जपानीत या तत्त्वांना ‘गोकाई’ म्हणतात. त्यांचा मराठीतला सरळ अर्थ असा की, आजच्या दिवसापुरते रागावू नकोस, काळजी करू नकोस, कृतज्ञ राहा, आपले काम झटून कर, माणसांशी मायेने वाग. आपल्याकडच्या वर्गांत हीच तत्त्वे जरा निराळ्या रूपात शिकवली जातात. त्यांत आई-वडील, गुरू आणि वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची भर पडते आणि ‘माणसांशी’ याऐवजी ‘सर्व जीवांवर प्रेम’ येते. ती भर चांगली आहे, पण मला मूळचे रूप जास्त आवडते. सर्व जीवांवर प्रेम करणे तसे सोपे असते. सकाळपासून चौथ्यांदा चादर बदलून मागणाऱ्या समोरच्या एका माणसाशी नीट बोलणे अवघड असते.

आता त्या शाळेविषयी. ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात पाणी चढू लागले आणि पुढे आयर्विन पुलाजवळ ते 57 फुटांच्या वर गेले. 2005 चा पूर पाहिलेल्या अनेकांनी ‘तेव्हा आमच्या उंबऱ्याला लागले नव्हते’ या हिशेबाने घर सोडायला उशीर केला होता. त्यामुळे केंद्रावर आलेली बरीच माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली होती. बाके व्हरांड्यात रचून वर्ग मोकळे केले होते आणि सातवीच्या वर्गात माझी औषधांची पेटी होती. वीज नव्हती. मधुमेहाच्या तीन रुग्णांचे इन्सुलिन मी मातीच्या माठात, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवले होते आणि माठावर ओले फडके गुंडाळले होते. दर तासाला ते फडके भिजवणे हे माझ्यासोबतच्या एका कॉलेजकुमाराचे काम होते, आणि सांगायला आनंद वाटतो की त्याने एक तासही चुकवला नाही.

इतके सगळे जमवणारी मी, चौथ्या रात्री चुकले. एक तरुण आई तापाने फणफणलेले बाळ घेऊन तिसऱ्यांदा माझ्याकडे आली. मी आधीच्या दोन वेळा तापाचे औषध देऊन तिला परत पाठवले होते आणि त्या वेळी तर मी तिला चक्क झापले. ‘सगळ्या केंद्राला मी एकटी आहे, तुझे एकटीचेच लेकरू आजारी आहे का,’ हे माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. ती काही न बोलता वळली. वळताना बाळाची मान ज्या तऱ्हेने कलंडली ती पाहून मी तिला हाक मारली, बाळाला हातात घेतले आणि दहा मिनिटांत बोटीसाठी निरोप पाठवला. बाळ वाचले. परंतु मी रागाच्या भरात मान खाली घालून पुढची पेटी उघडली असती, तर काय झाले असते याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

त्या रात्रीपासून मी एक नियम केला. दर रुग्णानंतर हात धुवायचेच असतात आणि साबणाने नीट हात धुवायला वीस सेकंद तरी लागतात. त्या वीस सेकंदांत ती पाच वाक्ये मनात म्हणायची. बरोबर तेवढ्यात ती बसतात. आता यात ऊर्जा कसली आणि चमत्कार कसला, तर काहीच नाही. मागच्या माणसावरचा वैताग पुढच्या माणसाच्या अंगावर सांडू नये, म्हणून मध्ये घातलेला तो एक बांध होता. मात्र त्या वाक्यांतला ‘आजच्या दिवसापुरते’ हा शब्दप्रयोग मला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला. मी जन्मभर रागावणार नाही असा संकल्प कोणाही शहाण्या माणसाला पेलणारा नाही. पण आज, ही पाळी संपेपर्यंत, एवढे बहुधा जमते.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वतःच मांडते. पूरग्रस्तांनी रागावू नये, काळजी करू नये, उलट कृतज्ञ राहावे, असे सांगणे म्हणजे सरकारी बेफिकिरीवर पांघरूण घालणे नव्हे काय? नदीलगतच्या पूरक्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी दिली, कोयनेचा विसर्ग आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग यांचा मेळ वेळेत का घातला गेला नाही, इशारा गल्लीपर्यंत का पोहोचला नाही, हे प्रश्न विचारायचे की नाहीत? जरूर विचारावेत, आणि चढ्या आवाजात विचारावेत. माझ्या समजुतीप्रमाणे ही पाच तत्त्वे मदत करणाऱ्याने स्वतःला सांगायची आहेत, आपद्ग्रस्ताला ऐकवायची नाहीत. ज्याची दुभती म्हैस गोठ्यात दाव्याला बांधलेली राहिली आणि जो ते दावे सोडायला परत जाऊ शकला नाही, त्याला ‘जीव वाचला ना, देवाचे आभार माना’ असे म्हणणारे महाभाग मी त्या शाळेत पाहिले. ते खिचडी वाटायला आलेले होते आणि खिचडी चांगलीही होती. तो शेतकरी मात्र ताट तसेच ठेवून उठला आणि व्हरांड्यात जाऊन बसला. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपल्याकडची जुनी म्हण खिचडीच्या पातेल्यावर चिकटवून पाठवायला हवी असे मला त्या दिवशी वाटले. कृतज्ञ राहायचे ते मी, कारण माझे घर उंचावर होते आणि रात्री मला कोरडे अंथरूण मिळणार होते. राग आजपुरता बाजूला ठेवायचा तोही मी, कारण माझ्या हातात सुई होती. माहिती अधिकाराचा अर्ज पाणी उतरल्यावर करता येतो आणि मी तो नंतर केलाही.

काळजीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपत्तीत काळजीचे रूपांतर अफवेत कसे होते ते मी जवळून पाहिले आहे. 1923 च्या तोक्योतही हेच घडले. तारा आणि दूरध्वनी बंद पडलेले, बहुतेक वृत्तपत्रांच्या इमारती जळालेल्या, आणि जपानमध्ये आकाशवाणी प्रसारण सुरू व्हायला अजून दीड वर्ष अवकाश होता. त्या पोकळीत कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत, अशी अफवा सुटली आणि काही ठिकाणी तर खुद्द पोलिसांनीच ती पुढे पोहोचवली. बांबूचे भाले घेऊन गस्ती पथके नाक्यानाक्यावर उभी राहिली. ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे जपानी शब्द ज्याला नीट उच्चारता येत नसत तो कोरियन, असा त्यांचा निवाडा होता. हजारो निरपराध कोरियन मारले गेले. सुक्याबरोबर ओले जळावे तसे उच्चार वेगळा असलेले काही जपानीही मारले गेले. योकोहामातील त्सुरुमी ठाण्याचे प्रमुख त्सुनेकिची ओकावा यांनी मात्र सुमारे तीनशे कोरियन आणि चिनी लोकांना आसरा दिला, आणि चाल करून आलेल्या जमावासमोर विषारी म्हणून दाखवलेले पाणी त्यांनी स्वतः पिऊन दाखवले, असे सांगितले जाते. ओकावांचा रेकीशी काही संबंध नव्हता. तरीही ‘काळजी करू नकोस, आपले काम कर, माणसांशी मायेने वाग’ या तीन वाक्यांचा अर्थ कोणी मला विचारला, तर मी त्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव घेईन.

हे जपानचे झाले म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेपायी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तिथे ना भूकंप होता ना पूर.

आमच्या शाळेतही सहाव्या रात्री कोणाचा तरी मोबाइल हरवला. नदीकाठी पाल टाकून राहणारी तीन कुटुंबे आमच्याच केंद्रावर होती आणि अर्ध्या तासात सगळ्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. ‘यांची बोचकी तपासा’ असे एक जण म्हणाला, मग दहा जण म्हणू लागले. मी भाषण केले नाही. रात्री अकरा वाजता, अंधारात, चिडलेल्या माणसांपुढे भाषण करण्यात अर्थ नसतो. सर्वांत मोठ्याने ओरडणारा गृहस्थ अंगाने दणकट होता. त्याला मी म्हटले, ‘दादा, आठवीच्या वर्गातल्या आजींना संडासला न्यायचे आहे, माझ्या एकटीने उचलत नाहीत, जरा येता का?’ तो क्षणभर गोंधळला आणि आला. आजींना नेले, आणले, मग त्यांच्या शेजारच्या आजोबांनाही नेले. तो परत व्हरांड्यात गेला तेव्हा घोळका पांगू लागला होता. पालवाल्यांतली एक बाई तोवर आपले बोचके उघडून सगळे कपडे जमिनीवर मांडून बसली होती, कोणी सांगितले नव्हते तरी. तिच्याजवळ बसून मी एकेक कपडा घडी करून पुन्हा आत ठेवू लागले. तो दणकट गृहस्थ जरा वेळ पाहत उभा राहिला आणि निघून गेला. मोबाइल शेवटपर्यंत सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी कोयनेचे दरवाजे तुटले, आता मिरजेपर्यंत पाणी येणार, अशी आवई उठली आणि जिन्यावर रेटारेटी सुरू झाली. तेव्हा मला सातवीच्या वर्गातला फळा दिसला. त्यावर ‘सुविचार’ या शब्दाखाली काही पुसट अक्षरे शिल्लक होती. ती पुसून मी तीन रकाने आखले: वेळ, बातमी, कोणी सांगितले. जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन लावून त्यांनी सांगितलेली पातळी लिहिली आणि शेवटच्या रकान्यात ‘नियंत्रण कक्ष, फोनवरून’ असे लिहिले. मग दरवाजे तुटल्याची बातमी घेऊन आलेल्या मुलाच्या हातात खडू दिला आणि म्हटले, ‘तुझी बातमीही लिही, आणि कोणी सांगितले तेही लिही.’ त्याने दोन रकाने भरले आणि तिसऱ्यापाशी त्याचा हात थांबला. जमलेली माणसे हसली. दोन दिवसांत तिथे ऐकू आलेले ते पहिले हसू होते. त्यानंतर केंद्र बंद होईपर्यंत दर तीन तासांनी तो फळा लिहिला जाई आणि जी बातमी तिसऱ्या रकान्यावाचून राही ती लोक आपोआप सोडून देत. काळजी करू नका, असे मी कोणालाही सांगितले नाही. काय माहीत आहे आणि काय नाही, एवढे डोळ्यांसमोर आल्यावर काळजी आपल्या आकारात राहते, असे मला दिसले.

हे सर्व लिहिण्यामागे माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. पहिली विनंती जिल्हा प्रशासनाला. प्रत्येक निवारा केंद्रावर पाण्याची टाकी आणि औषधपेटी यांच्या यादीत एक फळा, खडू आणि त्यावर लिहिण्याची जबाबदारी असलेल्या एका व्यक्तीचे नाव घालावे. शाळेत फळा असतोच, तेव्हा खर्चाचा प्रश्न उद्भवू नये. नियंत्रण कक्षाने ठरावीक वेळी केंद्रांना पातळी आणि विसर्ग कळवावा, म्हणजे फळा रिकामा राहणार नाही. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात दोरीच्या गाठी जशा शिकवल्या जातात, तसा अर्धा तास बोलण्या-वागण्यासाठी ठेवावा, आणि सलग बारा तासांहून अधिक पाळी कोणालाही देऊ नये. त्या तापलेल्या बाळाच्या आईवर मी ओरडले तेव्हा मी अठरा तास जागी होते, आणि कोणतेही तत्त्व अठरा तासांच्या जागरणापुढे फार काळ टिकत नाही.

दुसरी विनंती माझ्या रेकीवाल्या मित्रमैत्रिणींना. नदीकाठच्या शहरांत आपले वर्ग आहेत, दर पौर्णिमेला एकत्र बसणारे गट आहेत. यंदाच्या पावसाळ्यात पुराला, ढगांना आणि धरणांना रेकी पाठवण्याच्या वेळा ठरवण्यापूर्वी जवळच्या निवारा केंद्रावर आपले नाव व फोन क्रमांक नोंदवावा. तिथे हात ठेवायला नव्हे, तर हात द्यायला माणसे लागतात: म्हाताऱ्यांना उठवायला, औषधांच्या वेळा लिहायला, माठावरचे फडके भिजवायला. ज्यांना मनात पाच वाक्ये म्हणायची असतील त्यांनी ती म्हणावीत, ज्यांना विठ्ठलाचे नाव घ्यायचे असेल त्यांनी ते घ्यावे, आणि ज्यांचा कशावरच विश्वास नसेल त्यांनी नुसते हात धुवावेत, पण वीस सेकंद धुवावेत.

आमच्या भागातल्या शाळेपुरत्या खडूच्या पेट्या मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. मुख्याध्यापकांना तसे कळवले आहे. फळ्याला नवा रंग मात्र त्यांनी जूनपूर्वी लावून घ्यावा, कारण 2019 मध्ये उजव्या कोपऱ्यात खडू उमटत नव्हता आणि नेमका तिसरा रकाना तिथेच येत होता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
सांगली